नोकरीवरून काढलं? आदेशाचा कागद हातात पडताच आधी तारीख मोजा

खापरसारख्या गावात घरातल्या एकाला सरकारी पगार असला की त्या पगारावर तीन-चार चुली चालतात. कुणी अक्कलकुवा आगारात एसटीवर वाहक आहे, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, कुणी उर्दू शाळेत शिपाई, कुणी आश्रमशाळेत रोजंदारीवर स्वयंपाकी, कुणाची सून अंगणवाडी सेविका. त्या घरात एक दिवस "आपली सेवा संपुष्टात आणण्यात येत आहे" असा कागद येतो, नाहीतर कागदही न देता "उद्यापासून येऊ नका" असं सांगितलं जातं. त्या दिवसापासून घराचं गणित बिघडतं.

पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पहिला आठवडा सुन्नपणात जातो. मग नात्यातला कुणी ओळखीच्या पुढाऱ्याकडे नेतो. साहेबांना अर्ज दिला जातो, मग दुसरा अर्ज, मग स्मरणपत्र. "साहेब म्हणालेत, होऊन जाईल." रमजान येतो, "ईद झाल्यावर बघू" म्हणतात. ईद होते, शाळा सुरू होतात, शेतीची कामं लागतात. वर्ष-दीड वर्षानं माणूस वकिलासमोर बसतो. वकील फाइल उघडण्याआधी एकच प्रश्न विचारतो : "आदेश कधी मिळाला?" तारीख ऐकून त्याचा चेहरा उतरतो. अन्याय खरा असतो, कागदपत्रंही असतात, पण दाद मागायची मुदत निघून गेलेली असते.

असं आपल्या कुठल्या घरात होऊ नये म्हणून हा लेख. कुठल्या नोकरीला कुठला दरवाजा आणि त्या दरवाजाची मुदत किती, हे आम्ही जमेल तेवढ्या सोप्या भाषेत मांडतो आहोत. आधी एक गोष्ट सांगून ठेवतो : हा लेख वकिलाची जागा घेत नाही. वकिलाकडे वेळेवर पोचण्यासाठी त्याचा उपयोग व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

आधी ठरवा, नोकरी नेमकी कुणाची

"सरकारी नोकरी" हा शब्द आपण सैल वापरतो. कायद्यात मात्र राज्य सरकार, जिल्हा परिषद, एसटी महामंडळ, अनुदानित खासगी शाळा आणि केंद्र सरकार हे सगळे वेगवेगळे मालक आहेत. पगार सरकारी तिजोरीतून येतो म्हणून मालक सरकारच असं नसतं. नेमणुकीचा आदेश काढा आणि खाली सही कुणाची आहे, कुठल्या नियमाखाली नेमलं आहे ते वाचा. चुकीच्या दरवाजावर थांबलात तर बरोबर दरवाजाची मुदत तिकडेच संपते.

राज्य सरकारचे कर्मचारी : मॅट, मुदत एक वर्ष

तहसील, पोलीस, वन विभाग, सरकारी दवाखाना, शासकीय आश्रमशाळा अशा ठिकाणी राज्य सरकारच्या सेवेत असलेल्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. लोक त्याला मॅट म्हणतात. ते १९९१ साली सुरू झालं. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद इथं त्याची पीठं आहेत. नंदुरबार जिल्ह्याची प्रकरणं औरंगाबादला जातात. गावच्या पोलीस पाटलाला पदावरून काढलं तर त्याचाही दरवाजा हाच.

मुदत १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. शेवटचा आदेश झाल्यापासून एक वर्ष. पण त्याआधी कलम २० ची पायरी आहे : सेवा नियमांत खात्यांतर्गत अपील असेल तर ते आधी करायचं. अपिलाचा निकाल लागला की त्या तारखेपासून एक वर्ष मोजायचं. निकालच लागला नाही, तर अपील दिल्यापासून सहा महिने थांबायचं आणि ते सहा महिने संपल्यावर पुढचं एक वर्ष मिळतं.

तारखा घालून पाहू. समजा, १० जून २०२५ ला बडतर्फीचा आदेश हातात पडला आणि ५ जुलै २०२५ ला वरिष्ठांकडे अपील दिलं. अपील १ नोव्हेंबर २०२५ ला फेटाळलं, तर मॅटमध्ये १ नोव्हेंबर २०२६ पर्यंत जायला हवं. उत्तरच आलं नाही, तर सहा महिने ५ जानेवारी २०२६ ला संपतात आणि शेवटची तारीख ५ जानेवारी २०२७ होते. मध्ये दहा स्मरणपत्रं दिली तरी ही तारीख हलत नाही.

खात्यांतर्गत अपिलालाही स्वतःची मुदत असते आणि ती फार लांब नसते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या नियमांत ती ४५ दिवसांची आहे. आमचा सल्ला एवढाच की खातं कुठलंही असो, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील देऊन मोकळे व्हा.

जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि कर्मचारी

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जिल्हा परिषदेचा शिक्षक किंवा ग्रामसेवक मॅटमध्ये जाऊ शकत नाही. त्यांच्यासाठी जिल्हा सेवांचे १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यानं काढलं असेल तर अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी नाशिकला. तिथं न्याय मिळाला नाही तर मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ.

उच्च न्यायालयात रिट याचिकेला दिवसांत मोजलेली मुदत नाही, हे खरं. म्हणून "हायकोर्टाला मुदत नसते" असं सांगणारे खूप भेटतात. पण तिथं उशीर हेच याचिका फेटाळायचं कारण होऊ शकतं. वर्षानुवर्षं गप्प बसून मग आलेल्याला न्यायालय विचारतं, इतके दिवस कुठे होता? सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितलं आहे की दिवाणी दाव्याला जी मुदत आहे, ती रिटमधला उशीर मोजायलाही साधारण माप म्हणून वापरता येते. तेव्हा काही महिन्यांतच जायचं, असं धरून चाला.

अनुदानित उर्दू शाळा : फक्त ३० दिवस

आपल्या समाजातल्या कुटुंबांनी हा भाग दोनदा वाचावा. संस्थेनं चालवलेल्या मान्यताप्राप्त शाळेतला शिक्षक, लिपिक किंवा शिपाई याला सरकारी अनुदानातून पगार मिळत असला तरी त्याची मालक संस्था आहे. त्याला महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा, १९७७ लागू होतो. कलम ९ प्रमाणे बडतर्फ केलं, काढून टाकलं, दुसऱ्या कुठल्या मार्गानं सेवा संपवली किंवा पदावनत केलं, तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. १ मार्चला आदेश मिळाला तर ३१ मार्च.

अल्पसंख्याक संस्थेची शाळा असली तरी शिक्षकाचा हा हक्क जात नाही. मदरसा किंवा मकतब मान्यताप्राप्त शाळा नसेल तर मात्र हा कायदा तिथं लागत नाही.

आता जी गोष्ट कुणी उघडपणे बोलत नाही ती बोलू. संस्थेचे पदाधिकारी आपल्याच बिरादरीचे असतात, मोहल्ल्यातले असतात, जुम्म्याला एकाच सफेत उभे असतात. त्यामुळे काढलेला माणूस कोर्टाचं नाव काढायला कचरतो. चार मोठी माणसं मध्ये पडतात. "घरातली बाब आहे, बसून मिटवू." पहिली बैठक दहा दिवसांनी, दुसरी सदर साहेब गावाला गेले म्हणून पुढे. तेवढ्यात ३० दिवस संपतात. समझोता वाईट नाही, होत असेल तर उत्तमच. पण समझोत्याची बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. अपील दाखल करा आणि बोलणीही चालू ठेवा. मिटलं तर अपील मागे घेता येतं. अपील दाखल केल्यानं कुणाची इज्जत जात नाही.

राजीनाम्याबद्दलही सावध राहा. या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहायचा असतो, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर घेतलेली सही पुढे "राजीनामा" म्हणून बाहेर आली, तर लगेच लेखी हरकत घ्या आणि तेच ३० दिवस मोजा.

वेळेत गेलं तर काय मिळू शकतं, याचं उदाहरण औरंगाबादचंच आहे. तिथल्या एका प्राथमिक शिक्षिकेला संस्थेनं काढलं. तिनं शाळा न्यायाधिकरणात दाद मागितली. न्यायाधिकरणानं पुन्हा नेमणूक आणि पूर्ण थकीत पगार दिला. उच्च न्यायालयानं थकीत पगाराचा भाग रद्द केला. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायालयानं पूर्ण पगार परत मंजूर केला. दीपाली गुंडू सुरवसे प्रकरण म्हणून हा निकाल आज देशभर दाखवला जातो. चुकीनं काढलेल्या कर्मचाऱ्याला नोकरी आणि मागचा पगार मिळणं हा साधारण नियम आहे, असं त्यात म्हटलं आहे.

एसटी, नगरपालिका आणि कामगार म्हणून काम करणारे : ९० दिवस

एसटीचे चालक-वाहक, नगरपालिकेचे सफाई कामगार यांच्यासाठी महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा आहे. कलम २८ प्रमाणे अनुचित प्रथा घडल्यापासून ९० दिवसांत तक्रार करायची. सूड म्हणून किंवा खोट्या कारणानं काढलं तर कामगार न्यायालय. वर्षानुवर्षं हंगामी ठेवून कायम न करणं यासाठी औद्योगिक न्यायालय. १ मार्चला काढलं तर ९० दिवस ३० मे रोजी संपतात.

याच कायद्याखाली एसटीच्या सफाई कामगारांनी मोठी लढाई जिंकली. २००६ च्या उमादेवी निकालानंतर "तात्पुरत्या माणसाला कायम करताच येत नाही" असं सगळीकडे सांगितलं जात होतं. २००९ मध्ये कास्ट्राईब संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचा कायम करण्याचा अधिकार शाबूत आहे.

दुसरा रस्ता औद्योगिक वादाचा. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराला काढल्यापासून तीन वर्षांत थेट न्यायालयात जाता येत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात वाद तडजोड अधिकाऱ्यापुढे नेण्याची मुदत दोन वर्षांवर आली. म्हणजे आधीच्या माहितीवर विसंबून "तीन वर्षं आहेत" म्हणत बसू नका. या दोन रस्त्यांपैकी एकच निवडायचा असतो. एकावर गेलं की दुसरा बंद होतो. हे ठरवायला वकील किंवा संघटना हवीच.

ठेकेदारामार्फत लागलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. आपण नक्की कुणाचे कामगार, हाच वाद असेल तर ९० दिवसांची तक्रार टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये हे स्पष्ट केलं. तो वाद आधी दुसऱ्या रस्त्यानं सोडवावा लागतो. आणि गुजरातच्या हद्दीत, सागबारा किंवा अंकलेश्वरकडे नोकरी असेल तर महाराष्ट्राचा हा कायदा तिथं चालत नाही. तिकडच्या वकिलाला विचारा.

अंगणवाडी सेविका आणि पोस्ट

अंगणवाडी सेविका सरकारी योजनेत काम करते, पण तिचं पद कायद्याच्या अर्थानं "नागरी पद" नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकच्या अमीरबी प्रकरणात २००६ मध्ये ठरवलं. त्यामुळे सेविका-मदतनीस यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाचा दरवाजा नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे अपील आणि मग उच्च न्यायालय, असा मार्ग राहतो. उशिराची गोष्ट वर सांगितली तीच.

पोस्ट, रेल्वे अशा केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. गावातला ग्रामीण डाक सेवकही त्यातच येतो. आपल्यासाठी मुंबई पीठ. कायदा १९८५ चाच आणि मुदतही एक वर्षच.

अर्ज करत राहिलं म्हणजे मुदत वाढत नाही

सगळ्यात जास्त माणसं इथं बुडतात. १९८९ मध्ये एस. एस. राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितलं की कायद्यात असलेलं अपील केलं असेल तर त्याच्या निकालापासून मुदत मोजा. पण कायद्यात नसलेले अर्ज, विनंत्या, स्मरणपत्रं पुन्हा पुन्हा दिल्यानं मुदत वाढत नाही. २००८ च्या सी. जेकब प्रकरणात तर १९८२ साली काढलेल्या माणसानं २००० साली अर्ज दिला होता. खात्यानं त्या अर्जाला उत्तर दिलं म्हणून मेलेला दावा जिवंत होत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

म्हणून मंत्र्याला दिलेलं निवेदन, आमदारांचं शिफारसपत्र, जनता दरबारातला टोकन नंबर, माहिती अधिकाराचा अर्ज यांपैकी कशानंही घड्याळ थांबत नाही. हे सगळं करू नका असं आम्ही म्हणत नाही. बाजूला करा, मुदतीत मुख्य अर्ज टाकून.

आंदोलनाचंही तसंच. २०२१-२२ च्या एसटी संपात हजारो कर्मचाऱ्यांवर बडतर्फीची कारवाई झाली. उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायची मुभा दिली आणि बरेच जण परत गेले. पण सगळ्याच आंदोलनांचा शेवट असा होत नाही. मोर्चात बसलेल्या माणसाच्या कागदाची मुदत मोर्चा चालू असतानाच सरकत असते.

"आदेशच बेकायदा आहे, त्याला कसली मुदत?"

हे वाक्य चहाच्या टपरीवर पटतं, कोर्टात नाही. चौकशी न करता, नोटीस न देता काढलं म्हणजे आदेश शून्य आहे, असं मानून घरी बसलेल्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे १९९१ मध्ये आलं, पंजाब राज्य विरुद्ध गुरदेव सिंग. न्यायालय म्हणालं, आदेश बेकायदा असला तरी तसं जाहीर करून घ्यायला मुदतीतच यावं लागतं. दिवाणी दाव्याला ती मुदत तीन वर्षांची आहे.

तसंच पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला आणि आपण घेतलं नाही, म्हणून आदेश मिळालाच नाही असं होत नाही. नाकारलेलं पाकीट कायद्यात मिळाल्यासारखंच धरलं जातं. पाकीट घ्या आणि त्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. पाकीटही फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का हा पुरावा असतो.

उशीर झालाच असेल तर

हात टेकू नका. मॅट, शाळा न्यायाधिकरण, कामगार न्यायालय या तिन्ही ठिकाणी पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करण्याची सोय कायद्यातच आहे. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, अपघात असेल तर पंचनामा, चुकीच्या कोर्टात गेलो असू तर तिथल्या तारखा जोडायच्या. "माहिती नव्हती" किंवा "साहेबांनी आश्वासन दिलं होतं" एवढ्यानं सहसा भागत नाही. आणि माफी मिळाली तरी मधल्या काळाचा पगार न्यायालय कापू शकतं. एक दिवस उशीर झाला असेल तर दुसऱ्या दिवशी जा, दुसऱ्या महिन्यात नको.

शेवटचा दिवस ईदचा किंवा रविवारचा आला आणि न्यायालय बंद असलं, तर उघडण्याच्या पहिल्या दिवशी दाखल करता येतं.

पहिल्या आठवड्यात काय करायचं

१. आदेशाच्या तीन झेरॉक्स काढा. मिळाल्याची तारीख वहीत लिहा आणि घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला शेवटची तारीख मोबाइलमध्ये टाकायला सांगा.

२. तोंडी काढलं असेल तर त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवा : "अमुक तारखेला मला कामावर घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे, लेखी आदेश द्यावा." पोस्टाची पावती जपा. काढल्याची तारीख सिद्ध करायला हेच पत्र उपयोगी पडतं.

३. नेमणूक आदेश, मान्यतेचं पत्र, पगाराच्या नोंदी, बँकेचं पासबुक, हजेरीचे फोटो एका पिशवीत गोळा करा.

४. कुठल्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. हिशोबाचे पैसे घ्यायची वेळ आली तर आधी वकिलाला विचारा.

५. दहा दिवसांच्या आत वकील किंवा संघटनेकडे जा.

खर्चाचं काय?

खापरहून औरंगाबाद म्हणजे जाण्या-येण्यात दिवस मोडतात, वकिलाची फी वेगळी. पगार बंद झालेल्या घराला हे जड जातं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आपल्यातले तडवी भिल्ल कुटुंबीय जमातीत येतात, त्यांनाही तो हक्क आहे. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा नंदुरबारच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करा, नाहीतर १५१०० या क्रमांकावर फोन करा. मॅटमध्ये कर्मचाऱ्याला स्वतः उभं राहून बाजू मांडायचीही परवानगी आहे.

थोडक्यात, भिंतीवर चिकटवण्यासाठी

संस्थेची मान्यताप्राप्त शाळा : शाळा न्यायाधिकरण, ३० दिवस.
एसटी, नगरपालिका कामगार : कामगार किंवा औद्योगिक न्यायालय, ९० दिवस.
राज्य सरकार, पोलीस पाटील : आधी अपील, मग मॅट औरंगाबाद, एक वर्ष.
केंद्र सरकार, पोस्ट : आधी अपील, मग केंद्रीय न्यायाधिकरण, एक वर्ष.
जिल्हा परिषद : आयुक्तांकडे अपील, मग औरंगाबाद खंडपीठ, उशीर न करता.
अंगणवाडी : वरिष्ठांकडे अपील, मग औरंगाबाद खंडपीठ, उशीर न करता.

नोकरी गेलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात कुणाशी बोलावंसं वाटत नाही. लाज वाटते, घरातही तोंड लपवतो. आणि नेमका तोच महिना मुदतीचा असतो. त्यामुळे ही जबाबदारी घरच्यांची आणि शेजाऱ्यांची आहे. मोहल्ल्यात कुणाची नोकरी गेल्याचं कानावर आलं तर धीर द्याच, पण त्यासोबत एक प्रश्न नक्की विचारा : "आदेश कुठल्या तारखेला मिळाला?" आणि उत्तर ऐकल्यावर त्याला घेऊन वकिलाकडे जा.